तिसऱ्या पोर्टमधलं भोक

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मुजफ्फर मिस्त्रीच्या हातून जिप्सीच्या हेडला भोक पडलं.

भोक फार मोठं नव्हतं. ज्वारीचा दाणाही त्यातून गेला नसता. ग्राइंडरचं टोक तिसऱ्या पोर्टच्या तळाशी फिरत होतं, आवाज एकदम पातळ झाला आणि चकचकीत ॲल्युमिनियममध्ये एक काळा ठिपका दिसला. मुजफ्फरनं ग्राइंडर बंद केला. चष्मा पुसला. बोटानं ठिपका पुसून बघितला. पुसला गेला नाही.

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा. त्याच्या एका अंगाला चार तोंडं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. इंजिन त्यातून हवा ओढतं. या चार तोंडांवर चार नळ्यांचा मॅनिफोल्ड बसतो. आणि या पोर्टच्या खालून, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या भिंतीपलीकडून, इंजिन थंड ठेवणारं पाणी वाहतं. ती भिंत फुटली की पाणी हवेच्या वाटेनं थेट सिलिंडरमध्ये.

त्यानं हेड उताणं केलं, पाण्याच्या वाटेत रॉकेल ओतलं आणि टॉर्च धरून पोर्टमध्ये बघत बसला. ठिपका आधी ओला झाला. मग तिथं एक थेंब धरला आणि ओघळला.

मुजफ्फर खाली टायरवर बसला. बाहेर ढोकी रोडवरून प्रवासी कोंबलेली वडाप जीप हॉर्न वाजवत गेली. त्यातल्या ओळखीच्या ड्रायव्हरनं हात केला, तो याला दिसला नाही.

रविवारी निकिताची ट्रायल होती.

निकिता माकणीची. बब्रुवान शिंद्यांची थोरली लेक. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की जी भेगाळलेली जमीन उघडी पडते, तिच्यावर ती दहाव्या वर्षी ट्रॅक्टर पळवायला शिकली. धाराशिवला डिप्लोमा करताना मातीवरच्या शर्यती बघितल्या आणि वडिलांच्या मागं लागून जुनी जिप्सी घेतली. तीन वर्षांपूर्वी ते इंजिन जाम झालं तेव्हा कुणीतरी तिला कळंबला मुजफ्फरकडं धाडलं. तोवर मुजफ्फरनं आयुष्यभर वडाप जीपा आणि डिझेल पंप दुरुस्त केले होते. शर्यतीचं इंजिन त्यानं कधी हातात धरलेलं नव्हतं. पण ते इंजिन त्यानं असं बांधलं, की पहिल्याच शर्यतीत पोरगी तिसरी आली. तेव्हापासून ती त्याला चाचा म्हणायची आणि गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही.

रविवारी बारामतीच्या अलीकडं एका माळावर मोठ्या रेसिंग टीमसाठी चालकाची निवड होती. अकरा चालक, जागा एक. वयाची अट पंचवीसच्या आत. निकिताला पुढच्या महिन्यात पंचवीस पूर्ण होणार होती.

आणि मुजफ्फरला, खरं सांगायचं तर, स्वतःचंही काही सिद्ध करायचं होतं. मागच्या शर्यतीत निकिता पाऊण सेकंदानं मागं पडली. तेव्हा पुण्याचा एक इंजिनवाला हसत म्हणाला होता, "कळंब? तिथं पंप बांधतात की इंजिन?" ते त्याच्या काळजात रुतलं. आल्या आल्या त्यानं जास्त हवा देणारा रुंद मॅनिफोल्ड बाहेरून मागवला. तो दहा दिवसांत यायचा होता. आला बुधवारी संध्याकाळी, ट्रायलच्या चार दिवस आधी.

असा परका भाग आला की आधी कोरा बसवून बघायचा, हा मुजफ्फरचा स्वतःचाच नेम. हेड रिकामं, मॅनिफोल्ड रिकामा, मध्ये पॅकिंग, म्हणजे दोन्हींमधली फट बंद करणारी पातळ चकती. चार नट हातानं आवळायचे, टॉर्चनं आतून बघायचं, तोंडाला तोंड जुळतं का. मग काय कापायचं, किती कापायचं ते ठरवायचं. दहा मिनिटांचं काम. ते त्यानं केलं नाही. हेडवरचे मॅनिफोल्ड धरणारे कडेचे दोन स्टड सरळ भोकांत गेले एवढं बघून त्यानं मॅनिफोल्ड बाजूला ठेवला, हेड उभं करून त्यावर नवं पॅकिंग अडकवलं, निळी शाई लावून पॅकिंगच्या कडेनं रेघ मारली, आणि त्या रेघेपर्यंत पोर्ट घासायला घेतले.

आता रॉकेलचा थेंब बघून झाल्यावर तो उठला आणि जे आधी करायचं ते केलं. मॅनिफोल्ड हेडवर चढवला, टॉर्च आत धरली.

तळाच्या बाजूला मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या मूळ तोंडाशी तंतोतंत जुळत होतं. पॅकिंगचीच भोकं स्टडपेक्षा मोठी होती. उभ्या हेडवर ते आपल्या वजनानं दोन मिलिमीटर खाली लोंबलं होतं, आणि त्यानं रेघ त्या लोंबलेल्या पॅकिंगवरून मारली होती. तळाला घासायची गरजच नव्हती.

"या अल्ला," तो एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत त्यानं लातूर, सोलापूर, बीड, जिथं जिथं भंगारवाले ओळखीचे होते तिथं फोन लावले. बार्शीत एक हेड होतं, पण ते जुन्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाचं; निकिताच्या इंजिनाला सोळा. सोलापूरवाला म्हणाला, मंगळवारी बघू. फोन लावता लावता त्याच्या लक्षात येत होतं, की एक फोन तो टाळतोय. माकणीला.

तीन वाजता त्यानं हेड गोणपाटात गुंडाळलं आणि मोटारसायकलवर धाराशिव गाठलं. तिथं एमआयडीसीत गौरीशंकर नावाचा वेल्डर होता, ॲल्युमिनियमच्या कामात जिल्ह्यात त्याच्यासारखा हात नाही. गौरीशंकरनं भिंग लावून पोर्टमध्ये बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वेल्डिंग होईल," तो म्हणाला. "पण उष्णतेनं हेड वाकणार. मग तोंड सपाट करून आणायचं, व्हॉल्व्हच्या सीटा नव्यानं बसवायच्या. चार दिवस धर."

"रविवारी ट्रायल हाय."

"मग न्हाय होत."

"मेटल पुट्टी भरली तर?"

गौरीशंकरनं भिंग खाली ठेवलं. "बाजारहाटाच्या गाडीला भरशील तर वर्षभर जाईल. हे इंजिन तू मिनिटाला सात हजारावर फिरवणार. आतून हवेची ओढ, बाहेरून गरम पाण्याचा दाब. कधी सुटंल सांगता येत न्हाय. पोरीला सांग, मुजफ्फर."

"सांगतो."

सांगितलं नाही. गॅरेजात परतून त्यानं भोकाभोवतीचा भाग खरवडला, पुट्टी कालवून भरली, वरून घासून गुळगुळीत केली. एकदा पुट्टी भलतीकडंच लागली, ती पुसून पुन्हा भरली. ती घट्ट झाल्यावर पुन्हा रॉकेल ओतलं. थेंब आला नाही. तेवढ्यात निकिताचाच फोन आला.

"चाचा, बसला का मॅनिफोल्ड?"

त्याचं लक्ष त्या करड्या डागाकडं होतं. "बसला," तो म्हणाला. "मापात बसला."

घरी बायकोनं, जमिलाबीनं, ताट वाढलं. तो भाकरीचा तुकडा मोडून तसाच बसला. "तब्येत बरी न्हाय का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. ती हलवली का डोलावली, तिलाही कळलं नाही.

शुक्रवारचा अख्खा दिवस इंजिन बांधण्यात गेला. शनिवारी सकाळी निकिता आली. मांजरा धरणाच्या काठच्या मोकळ्या रानात त्यांनी गाडी नेली.

गाडी सुटली तेव्हा मुजफ्फरच्या अंगावर काटा आला. असा आवाज त्याच्या हातून आजवर निघालेला नव्हता. खालच्या वेगात भरीव आणि वर चढला की कापड टर्रकन फाडावं तसा. निकितानं पाच-सहा फेऱ्या मारल्या. वळणावर गाडी आडवी घालून पुन्हा सरळ काढली. पंधरा-वीस मिनिटांनी ती त्याच्यापुढं थांबली, हेल्मेट काढलं आणि हसायला लागली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, तोंडावर धूळ, आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

"चाचा, अशी गाडी मी जन्मात चालवली न्हाय. काय केलंय तुम्ही! उद्या बघाच."

मुजफ्फर मागं गेला. इंजिन चालू होतं. सायलेन्सरमधून पांढुरकी वाफ येत होती, अगदी थोडी. त्यानं वाकून वास घेतला. गोडसर. रेडिएटरमधल्या कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वास.

त्याला ते तेवढ्यावर सोडता आलं असतं. सकाळची हवा गार आहे, वाफ येते, असं म्हणता आलं असतं. उद्या इंजिन जाम झालं असतं तर शर्यतीत इंजिनं जाम होतातच, असं लोक म्हणाले असते.

"निकिता, गाडी बंद कर."

"का?"

"बंद कर, बेटा. म्या तुला खोटं सांगितलंय."

त्यानं सगळं सांगितलं. पॅकिंग, रेघ, भोक, रॉकेल, गौरीशंकर, पुट्टी. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही. सांगून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"गुरुवारपासनं."

"मी फोन केला तेव्हा?"

"व्हय. तवा नुकतीच पुट्टी भरून झाली होती."

ती पाण्याच्या दिशेनं चालत गेली. बरीच लांब गेली. मुजफ्फर गाडीच्या सावलीत उभा राहिला. बसायचं धाडस त्याला झालं नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज स्थिर होता.

"बाबांना फोन केला. ते हेड शोधतायत. मिळणार न्हाय, मला माहितेय. आता काय करता येईल ते सांगा."

"उद्या जाऊ नगंस," मुजफ्फर म्हणाला. "इंजिन मधेच जाम झालं तर चाकं धरतील. वळणावर असलीस तर गाडी उलटंल. तुझ्या बापाला काय तोंड दाखवू म्या?"

"चाचा." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "दोन दिवस हे तुम्ही ठरवलं. आता मी ठरवणार. पुट्टी पुन्हा भरली तर किती टिकंल?"

"मॅनिफोल्ड उतरवून, नीट सुकवून भरली, रातभर घट्ट होऊ दिली, तर..." तो थांबला. "तीन फेऱ्या हायत ना? दोन टिकंल. तिसरीचं म्या सांगू शकत न्हाय."

"चला मग."

गॅरेजात दोघांनी मिळून मॅनिफोल्ड उतरवला. पुट्टीची एक कड उचललेली होती, नखानं निघाली. मुजफ्फरनं सगळी काढली, भाग सुकवला, कानशीनं खडबडीत केला आणि नव्यानं भरली. वर हॅलोजनचा दिवा लावून ठेवला.

"आता सांगा," निकिता म्हणाली, "यातलं अजून काय काय तपासलेलं न्हाय?"

"खरं सांगू? काहीच न्हाय."

"मग तपासू."

त्यानं पोलादी पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडावर आडवी धरली आणि फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पाती पट्टीखाली सरकवून बघायला तिला दिली. तीन तोंडांवर पाती गेली नाही. चौथ्यावर अलगद आत गेली.

"इथं पोकळी हाय," ती म्हणाली.

"म्हंजे इथनं हवा चोरून आत गेली असती. पेट्रोल कमी, हवा जास्त. चौथा पिस्टन जळाला असता." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "हे बी बघितलं न्हाय म्या."

काचेवर पॉलिश पेपर चिकटवून दोघांनी पाळीपाळीनं ते तोंड घासलं. निळी शाई लावून बघायचं, उंचवटा दिसेल तिथं पुन्हा घासायचं. चार वाजेपर्यंत पाती चारही ठिकाणी अडली. मग पॅकिंग. या वेळी पॅकिंग लोंबू नये म्हणून त्यानं स्टडवर सुताचे दोन वेढे दिले, ते बरोबर मधोमध बसलं. नट हातानं आवळून टॉर्चनं आत बघितलं. मग ॲक्सिलरेटरची तार ओढून सोडून बघितली, कुठं अडकत नव्हती.

शेवटी बॉनेट. मुजफ्फर घरातून कणकेचा गोळा घेऊन आला. त्याच्या तीन गोळ्या मॅनिफोल्डच्या माथ्यावर ठेवल्या, बॉनेट लावलं, पुन्हा उघडलं. मधली गोळी कागदासारखी चपटी झाली होती. इंजिन जोरात हललं असतं की मॅनिफोल्ड बॉनेटला धडकला असता. बिजागऱ्यांखाली वायसर घालून त्यांनी बॉनेट मागून बोटभर उचललं.

जमिलाबी दारात उभी राहून बघत होती. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. "पोरी, दोन घास खाऊन घे," ती म्हणाली. निकितानं हात धुतले आणि तिच्या मागोमाग घरात गेली. मुजफ्फरला तिनं चला म्हटलं नाही.

पहाटे पिकअपवर गाडी चढवून ते निघाले. बारामतीच्या माळावर पोहोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. मुजफ्फरनं रेडिएटरचं झाकण अर्धंच फिरवून ठेवलं, पाण्याचा दाब तयार होऊ नये म्हणून. "मागून पांढरा धूर दिसला की क्लच दाबायचा, म्हंजे चाकं इंजिनापासनं सुटतील," तो म्हणाला. "तीनदा सांगतोय. वळण असो, सरळ असो, क्लच." निकितानं मान डोलावली आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

तीन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरणार होते. पहिल्या फेरीत ती अकराही जणांत पहिली आली, दुसऱ्या क्रमांकाच्या चालकापेक्षा दोन सेकंदांनी पुढं. टीमचे लोक घड्याळाभोवती गोळा झाले. त्यातल्या एकानं विचारलं, इंजिन कुणाचं? मुजफ्फर दोरीपलीकडं उभा होता. त्याचं लक्ष सायलेन्सरकडं होतं.

दुसरी फेरी. तीही पहिलीच. पण शेवटच्या सरळ रस्त्यावर सायलेन्सरमागं पांढरी रेघ होती. इतरांना ती धूळ वाटली असेल.

तिसऱ्या फेरीची पाळी यायला वीस मिनिटं होती. मुजफ्फर धावत गाडीपाशी गेला. "बास कर. पाया पडतो तुझ्या."

"क्लच दाबीन," ती आतून म्हणाली.

तिसऱ्या फेरीत पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यावर आवाज फुटला. चार सिलिंडरांचा एकसंध सूर तुटून धडधड सुरू झाली. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गाडी त्यात दिसेनाशी झाली. मुजफ्फर दोरीखालून आत शिरला. कुणीतरी त्याला धरलं. धूर विरला तेव्हा गाडी वळणाच्या पुढं, सरळ उभी होती. शेवटची रेघ तिथून चारशे मीटरवर होती.

निकिता बाहेर उतरली, हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. तिला काही झालं नव्हतं.

टीमचा माणूस कागदावर काहीतरी लिहीत होता. मुजफ्फर त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, पोरीची चूक न्हाय. हेडला भोक माझ्या हातून पडलं. तिचे दोन टाईम बघा तुम्ही. तिला चांगली गाडी द्या, एक फेरी मारू द्या."

"मिस्त्री, टाईम बघितले मी. पण फेरी पूर्ण नाही तर नाव नाही. सगळ्यांना तोच नियम."

"म्या हात जोडतो." आणि त्यानं खरोखरच हात जोडले. वाकला. गुडघा मातीला टेकला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "माझी चूक हाय, माझी. तिचं वय संपलं साहेब, पुढच्या साली तिला येता येणार न्हाय."

तो माणूस ओशाळून मागं सरकला. मुजफ्फरच्या दंडाला कुणीतरी धरलं. निकिता होती.

"चाचा, उठा."

तो उठला.

परतीच्या वाटेवर कुर्डुवाडी मागं पडली.  बार्शीच्या पुढं निकिता म्हणाली, "काल तुम्ही सांगितलं न्हसतं, तर मी नशीबच म्हणाले असते."

"व्हय."

"मग का सांगितलं?"

मुजफ्फरनं विचार केला. "तू हसत हुतीस," तो म्हणाला. "म्या जन्मभर लोकांची इंजिनं बांधली. इंजिनापायी कुणाला असं हसताना बघितलं न्हाय. मग त्ये गिळता येईना."

ती बाहेर बघत म्हणाली, "गुरुवारी सांगायला पायजे होतं. बाबांनी आठ जिल्हे पालथे घातले असते. हेड मिळालं असतं."

"मिळालं असतं," मुजफ्फर म्हणाला.  तिनं माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि त्यानंही माफी मागितली नाही.

येरमाळ्याच्या चौकात पिकअप थांबली. इथून कळंबचा रस्ता वेगळा, धाराशिवचा वेगळा. निकिता ड्रायव्हरला म्हणाली, "चाचांना इथं उतरू द्या. गाडी माकणीला न्यायची."

मुजफ्फर उतरला. पिकअपवर दोरांनी बांधलेल्या जिप्सीकडं त्याचं लक्ष गेलं. पाणी गेलेल्या सिलिंडरचा रॉड वाकला असणार, हे त्याला बघितल्यावाचून कळत होतं. "इंजिन कोण उघडणार?" त्यानं विचारलं.

"मी."

"एकटी?"

निकितानं दार ओढून घेतलं. काच खाली होती.  "ट्रायल गेली. शर्यती गेल्या न्हायत," ती म्हणाली. "शुक्रवारी माकणीला या. आमच्या शेडात. दुसरं हेड मिळालं तर मिळालं. पण माझ्यासमोर मोजल्याशिवाय एक नटही लावायचा न्हाय."

"येतो," मुजफ्फर म्हणाला. त्यानं मागून हत्यारांची पिशवी उतरवून घेतली.

पिकअप धाराशिवच्या रस्त्याला लागली. मुजफ्फर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कळंबच्या जीपची वाट बघत उभा राहिला. पहिली जीप भरलेली होती, थांबली नाही. दुसरी थांबली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. "मिस्त्री, काय झालं शर्यतीचं?" त्यानं विचारलं.

"हरलो," मुजफ्फर म्हणाला, आणि मागच्या बाकावर सरकून बसला. "माझ्यामुळं."